तांब्याचं नाणं हे रोमचं वर्तमानपत्र नव्हतं

रोमन नाण्यांचे देखणे फोटो आणि त्याखाली एक मजकूर, असं काहीतरी कधी ना कधी तुमच्याकडेही आलं असेल. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. तो असा:

‘रोमन सम्राटांकडे वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून त्यांनी नाण्यालाच वर्तमानपत्र केलं. सोनं-रुपं श्रीमंताकडे जाई, तांबं गरिबाच्या हातात. म्हणून तांब्याच्या नाण्यावर सम्राट स्वतः निवडून चित्र छापे आणि अक्षर न वाचता येणाऱ्यालाही साम्राज्यातली ताजी बातमी कळे. नाण्यावरचं प्रत्येक चित्र हा घडलेल्या घटनेचा पुरावा आहे. ‘एस सी’ ही अक्षरं म्हणजे सिनेटचा शिक्का, कारण तांब्याची टांकसाळ सिनेटच्या ताब्यात होती. सम्राटाचा चेहरा वेश्यागृहात नेणं गुन्हा होता, म्हणून तिथल्यासाठी वेगळी नाणी पाडली. इ.स. 312 मध्ये कॉन्स्टंटाइन जिंकला आणि नाण्यांवरचे जुने देव जाऊन क्रॉस आला. आणि हीच नाणी व्यापाऱ्यांबरोबर भारतात येऊन रोमची खबर आपल्यापर्यंत पोचली.’

इतिहासाकडे चार माणसं वळत असतील तर त्या मजकुराशी माझं भांडण नसतं. पण हा मजकूर वाचून नाण्याकडे पाहणारा माणूस नाणं बघतच नाही, तो त्यात मथळा शोधतो. ही नाणी मी बरीच वर्षं बघतो आहे, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे. म्हणून एकेक विधान घेऊन लिहितो.

‘वर्तमानपत्र नव्हतं.’ होतं. आजच्यासारखं छापील नव्हतं, पण रोजचं होतं. इ.स.पू. 59 मध्ये ज्यूलियस सीझर कॉन्सुल, म्हणजे वर्षापुरता निवडलेला सर्वोच्च अधिकारी, झाला आणि त्याने सिनेटचं व सामान्य लोकांच्या सभेचं रोजचं कामकाज लिहून प्रसिद्ध करायचा पायंडा पाडला, असं सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुटोनियस सांगतो. या नोंदीचं नाव ‘आक्ता दिउर्ना’, म्हणजे रोजची नोंद. पुढे नीरोच्या काळात थ्रासेआ नावाच्या सिनेटरवर खटला झाला. इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनात त्यातला फिर्यादी तक्रार करतो की प्रांतांत आणि सैन्यात लोक ही रोजनोंद बारकाईने वाचतात, ती कशासाठी, तर थ्रासेआ आज कशाला हजर राहिला नाही ते कळावं म्हणून. बातमीची भूक होती आणि ती भागवायची सोयही होती. त्याशिवाय चौकात मोठ्याने वाचले जाणारे हुकूम होते, काशाच्या पत्र्यांवर कोरून भिंतीला लावलेले कायदे होते, विजयाच्या मिरवणुका होत्या, पुतळे होते. या सगळ्यांत नाणं सर्वांत सावकाश चालणारं. सरकारला पैसे द्यायचे असत, मुख्यतः सैनिकांना, म्हणून ते पाडलं जाई. चित्र त्या पैशावर बसून प्रवास करी.

‘सम्राट स्वतः चित्र निवडे.’ याचा लेखी पुरावा बोटांवर मोजण्याइतका आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या राशीचा मकर रुप्याच्या नाण्यावर घातला, नीरोने आपण वीणावादकाच्या वेषात असलेलं नाणं काढलं, अशा नोंदी सुटोनियसने केल्या आहेत. कॉन्स्टंटाइनने आकाशाकडे डोळे लावलेली आपली मुद्रा सोन्याच्या नाण्यावर घालायला सांगितली, असं त्याचा चरित्रकार युसेबियस लिहितो. तिन्ही गोष्टी सम्राटाच्या स्वतःच्या रूपाबद्दलच्या किंवा जन्मराशीबद्दलच्या आहेत, आणि त्यातल्या निदान दोन तांब्याच्या नाहीत. तांब्याच्या नाण्यांच्या पाठीवर येणाऱ्या शेकडो आकृत्यांपैकी प्रत्येकीसाठी सम्राट आराखडा पास करत बसला होता, असं समजायला आधार नाही. टांकसाळीला अधिकारी होते, ठसे कोरणारे कारागीर होते, आणि त्यांच्यापाशी आधीच्या पिढ्यांच्या आकृत्यांचा भरपूर साठा होता.

आता ‘तांबं’ या शब्दाकडे. इथे मला थोडा वेळ द्या, कारण नाणं समजायची खरी सुरुवात धातूपासून होते. संग्राहक सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतात, मराठीत आपण सरसकट ‘तांब्याचं’ म्हणतो. पण ऑगस्टसनंतरच्या रोमन पद्धतीत मोठा सेस्टर्टियस आणि त्याच्या निम्म्या किमतीचा डुपोंडियस हे पितळेचे होते, म्हणजे तांबं आणि जस्त. ‘आस’ मात्र लाल तांब्याचा. चार आस म्हणजे एक सेस्टर्टियस, चार सेस्टर्टियस म्हणजे रुप्याचा एक डिनेरियस. नवा सेस्टर्टियस साधारण 25 ग्रॅमचा, तळहातावर जड लागणारा आणि सोन्यासारखा पिवळा. डुपोंडियस आणि आस मात्र आकाराने जवळजवळ सारखे. ओळखायचे कसे? रंगावरून. आणि नाणी हात लागून लागून काळवंडली की? नीरोच्या काळापासून यावर एक उपाय रूढ झाला: डुपोंडियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट, आसवर साधी पानांची माळ किंवा उघडं डोकं. हा मुकुट बघून ‘सम्राटाने स्वतःला सूर्यदेव जाहीर केलं’ अशी बातमी काढणारे लेख मी वाचले आहेत. बाजारातल्या भाजीवालीला त्या मुकुटातून एवढंच कळायला हवं होतं की हे दोन आसांचं नाणं आहे, एकाचं नाही. चित्राचं पहिलं काम हिशेब सांगणं होतं. तिसऱ्या शतकात रुप्याचं दुप्पट किमतीचं मानलं जाणारं नाणं निघालं, त्यावरही सम्राटाला हाच किरणमुकुट आला.

‘अक्षर न वाचता येणाऱ्यालाही ताजी बातमी कळे.’ यात दोन शब्द तपासायला हवेत, ‘ताजी’ आणि ‘कळे’.

ताजेपणा आधी. पितळेचं नाणं दहा-वीस वर्षांत बाद होत नसे. फ्रान्समध्ये गारोन नदीच्या पात्रात बुडालेल्या नावेतले सुमारे 4,000 सेस्टर्टियस मिळाले. त्यांत सगळ्यात जुनी नाणी क्लॉडियसची आणि सगळ्यात नवी अँटोनिनस पायसची. म्हणजे एका थैलीत शंभराहून अधिक वर्षांचे सम्राट एकत्र, जुन्यांचे चेहरे घासून गुळगुळीत. हातात आलेल्या नाण्यावरची ‘बातमी’ बहुधा पणजोबाच्या काळातली असे.

वाटपही सारखं नव्हतं. 154-155 च्या सुमारास अँटोनिनस पायसच्या आसवर खडकावर बसलेली, मान खाली घातलेली ब्रिटानिया आली. ही नाणी सापडतात ती मुख्यतः ब्रिटनमध्येच. हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉव्हेंटिना देवीचं एक कुंड आहे, भाविकांनी त्यात हजारो नाणी टाकली. त्या एका कुंडात ब्रिटानियाची तीनशेहून जास्त नाणी निघाली. बातमी साम्राज्यभर पोचवायची असती तर ती गॉलमध्ये, आफ्रिकेत, सिरियातही तशीच विखुरलेली दिसायला हवी होती.

आणि साम्राज्याच्या पूर्वेकडच्या निम्म्या भागात तर रोमची तांब्या-पितळेची नाणी फारशी चालतच नव्हती. तिथे पाचशेहून अधिक शहरं आपापली नाणी पाडत. लिपी ग्रीक, पुढे सम्राटाचं मस्तक, मागे गावचा देव, गावचं देऊळ, गावची नदी. इफिससने आपली आर्टेमिस घातली. अलेक्झांड्रियाने नाईल नदीचा म्हातारा देव घातला. आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियातल्या अपामियाने तर तिसऱ्या शतकात बायबलच्या प्रलयकथेतल्या नोआची पेटी घातली: पेटीत नोआ आणि त्याची बायको, वर पक्षी, आणि पेटीवर ग्रीक अक्षरांत नाव, ‘नोए’. जुन्या देवांची देवळं नांदती असलेल्या प्रदेशात यहुदी पुराणातली कथा गावच्या पैशावर येते, कारण प्रलयानंतर ती पेटी आपल्याच डोंगरावर टेकली असं त्या परिसरात सांगत. मला रोमच्या सगळ्या विजयमुद्रांपेक्षा हे एक नाणं मोठं वाटतं. यात सम्राटाची कोणती बातमी आहे? काही नाही. हा एका गावाने आपल्याबद्दल सांगितलेला अभिमान आहे.

आता ‘कळे’. लोक नाण्याकडे बघत नसत असं कोणी म्हणेल तर तेही चूक. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ, स्वतः पूर्वी गुलाम असलेला, आपल्या शिष्यांना दृष्टांत देतो: या सेस्टर्टियसवर कोणाचा छाप आहे? ट्रेजनचा? मग दे. नीरोचा? फेकून दे, ते चालायचं नाही. दृष्टांत समोरच्याला माहीत असलेल्या गोष्टीचाच देतात. म्हणजे चेहरा बघितला जाई. कॅलिगुलाचा खून झाल्यावर, 43 साली, त्याचा चेहरा असलेली तांब्याची नाणी वितळवायचा ठराव सिनेटने केला, असं इतिहासकार डायो कॅसियस सांगतो. नीरो पडल्यावर त्याच्या काही नाण्यांवर, थेट मानेवर, ‘एस पी क्यू आर’ (रोमचं सिनेट आणि जनता) असा ठसा ठोकलेला आढळतो. चौथ्या शतकात सम्राट ज्यूलियनने मोठ्या तांब्याच्या नाण्यावर बैल घातला, तेव्हा सिरियातल्या अँटिऑकच्या लोकांनी त्याच्या दाढीबरोबर त्या बैलाचीही टिंगल केली.

पण चेहरा ओळखणं वेगळं आणि मागचं चित्र वाचणं वेगळं. मागे बहुतेक वेळा एक उभी बाई असते. हातात धान्याची कणसं आणि पायाशी माप असेल तर ती आन्नोना, धान्यपुरवठा. नागाला भरवत असेल तर सालुस, आरोग्य. एका हाताने वस्त्र किंचित उचलून दुसऱ्यात फूल धरलं असेल तर स्पेस, आशा. सुकाणू आणि भरलेलं शिंग असेल तर फोर्टुना. कमरेवर हात दिसला की आपण विठोबा म्हणतो, परशू आणि मोदक दिसला की गणपती, तसंच हे हातातल्या वस्तूंवरून ओळखायचं. ही रोमन माणसाला देवळातून, भिंतीवरच्या चित्रांतून, घरातल्या देव्हाऱ्यातून ठाऊक असलेली मंडळी. त्यांच्यात काल काय घडलं ते नसतं. राज्य बरं चाललंय, धान्य येतंय, देव प्रसन्न आहेत, एवढंच असतं, आणि ते सम्राटामागून सम्राटाखाली तसंच येत राहतं.

खरी बातमी देणारी नाणीही आहेत, आणि ती लपवणं मला पटणार नाही. कॅलिगुलाने लिलावावरचा अर्ध्या टक्क्याचा कर उठवला. त्याच्या क्वाड्रन्स या सगळ्यात हलक्या तांब्याच्या नाण्यावर मुक्तीची टोपी आणि ‘आर सी सी’ ही अक्षरं येतात, ती या करमाफीची. नर्व्हाने इटलीच्या गावांवरचा सरकारी टपालाच्या जनावरांचा भार काढला, तेव्हा सेस्टर्टियसवर जुंपणीतून सुटलेली, निवांत चरणारी दोन खेचरं आली. आणि सगळ्यात ठळक हेड्रियनचं. 118 साली त्याने सरकारची थकलेली येणी माफ केली, रक्कम 90 कोटी सेस्टर्टियस. नाण्यावर एक सरकारी चोपदार मशाल घेऊन कर्जरोख्यांच्या ढिगाला आग लावतो आहे आणि भोवती आकडा कोरलेला आहे. कर्जमाफीची घोषणा कशी करतात हे आपल्याला शिकवायला नको. पण यातही बघा: खेचरांचं चित्र नुसतं पाहून कर रद्द झाल्याचं कळत नाही. त्यासाठी कडेची लॅटिन अक्षरं वाचावी लागतात. जिथे नाणं खरंच बातमी देतं, तिथेच त्याला वाचणारा माणूस लागतो. अशी नाणी थोडी आहेत. सगळ्या वर्तमानपत्राच्या दाव्याचा भार या मूठभर नाण्यांवर टाकलेला आहे.

‘प्रत्येक चित्र हा पुरावा.’ या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून तीन नाणी शेजारी ठेवतो.

पहिलं नीरोचं. ओस्टियाच्या बंदराचा सेस्टर्टियस हे रोमन कारागिरीतलं एक रत्न आहे. वरून पाहिल्यासारखं बंदर, दोन्ही बाजूंनी वळलेले धक्के, मध्ये जहाजं, खाली पहुडलेला जलदेव. 64 च्या सुमाराचं. बंदराचं काम क्लॉडियसने सुरू केलं होतं. आता टॅसिटस काढा: 62 साली वादळात त्याच बंदरात, धक्क्यांच्या आत, सुमारे 200 धान्याची जहाजं बुडाली आणि टायबरमधून वर गेलेली आणखी 100 आगीत गेली. नाण्यावर समुद्र शांत आहे. आणि जहाजं तरी किती? ते ठसा कोणी कोरला त्यावर आहे. वेगवेगळ्या ठशांत संख्या बदलते. या नाण्यावरून बंदराची रचना अंदाजता येते, गजबज मोजता येत नाही.

दुसरं कॅलिगुलाचं, 37-38 चं. मागे त्याच्या तिघी बहिणी उभ्या, नावांसकट: अग्रिपिना, ड्रुसिला, ज्यूलिया. तिघींच्या हातात देवतांच्या खुणा. अग्रिपिना सेक्युरितास म्हणजे सुरक्षितता, ड्रुसिला कॉन्कॉर्डिया म्हणजे सलोखा, ज्यूलिया फोर्टुना. 38 मध्ये ड्रुसिला वारली. 39 मध्ये उरलेल्या दोघींना भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून हद्दपार केलं. सुरक्षिततेच्या रूपात कोरलेली बहीणच कटाच्या आरोपात गेली. पण ती पितळेची नाणी लोकांच्या हातून फिरतच राहिली.

तिसरं व्हिटेलियसचं, 69 चं, ज्या एका वर्षात रोमने चार सम्राट बघितले. एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि अक्षरं ‘फिदेस एक्झर्सितूम’, सैन्यांची निष्ठा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या सैन्याने रोममध्ये शिरून त्याला ठार मारलं. निष्ठेची ग्वाही सर्वात मोठ्याने दिली जाते ती निष्ठा डळमळते तेव्हा. हे नाणं पुरावा आहे, पण सैन्य निष्ठावंत असल्याचा नव्हे. सम्राटाला झोप लागत नसावी, याचा.

उलट बाजूही खरी आहे. टायटसच्या सेस्टर्टियसवर कोलोसियम येतं, प्रेक्षकांनी भरलेलं, 80-81 चं, आणि ती इमारत आजही उभी आहे. व्हेस्पेशियनच्या ‘युदेया काप्ता’, म्हणजे ‘यहुद्यांचा देश जिंकला’, या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री आहे, आणि जेरुसलेम 70 मध्ये खरोखरच पडलं. पण हे आपल्याला कळतं ते दगड आणि लेखी इतिहास शेजारी ठेवल्यामुळे. नाणं एकटं साक्ष देत नाही.

‘एस सी म्हणजे सिनेटचा ताबा.’ अक्षरांचा अर्थ बरोबर आहे: ‘सेनातुस कोन्सुल्तो’, सिनेटच्या ठरावाने. सोनं-रुपं सम्राटाचं, तांबं सिनेटचं, ही वाटणी एकोणिसाव्या शतकात मॉम्सेनसारख्या मोठ्या इतिहासकाराने मांडली आणि शालेय पुस्तकांतून ती पक्की झाली. पण तांब्यावर चेहरा सम्राटाचा, पदव्या सम्राटाच्या, विषय सम्राटाचे. सिनेटचा ताबा असता तर नीरोच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सोन्याच्या नाण्यांवर ‘एक्स एस सी’ का यावं? आणि सिरियातल्या अँटिऑकच्या तांब्यावर मोठ्या टपोऱ्या अक्षरांत ‘एस सी’ येतं, तिथे रोमच्या सिनेटची टांकसाळ नव्हती. नंतरच्या अभ्यासकांनी दोन वाटा दाखवल्या. कोणी म्हणतं, ऑगस्टसच्या काळात या धातूंच्या नव्या नाण्यांना सिनेटने ठराव करून मान्यता दिली, त्याची ती खूण. कोणी म्हणतं, सुरुवातीला ती अक्षरं चित्रातल्या मानचिन्हांना, ओकच्या पानांच्या माळेला उद्देशून होती, कारण तो मान सिनेटने दिला होता. मला पहिली वाट अधिक पटते. पितळेची किंमत तिच्या वजनापेक्षा जास्त धरलेली असताना, ‘हे कायदेशीर चलन आहे’ असं सांगणारी खूण लागतेच. पुढे तिसऱ्या शतकापर्यंत ती अक्षरं सवयीने येत राहिली.

आता वेश्यागृहाच्या नाण्यांचा मुद्दा. याला सर्वात जास्त लाइक मिळतात आणि सर्वात कमी आधार आहे.

वस्तू खऱ्या आहेत. पितळेच्या, सेस्टर्टियसहून लहान, एका बाजूला शृंगारिक दृश्य आणि दुसऱ्या बाजूला 1 ते 16 पैकी एखादा रोमन आकडा. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, साधारण टायबेरियसच्या सुमाराच्या. संग्राहक त्यांना ‘स्पिंट्रिया’ म्हणतात. सुटोनियसच्या ग्रंथात हा शब्द येतो तो माणसांसाठी, नाण्यांसाठी नाही. वस्तूंना तो फार नंतर चिकटला.

दाव्याचा आधार म्हणून सुटोनियसचं एक वाक्य दाखवतात. टायबेरियसच्या काळात राजद्रोहाचे आरोप कुठल्या थराला गेले याची यादी तो देतो, त्यात ऑगस्टसच्या प्रतिमेचं नाणं किंवा अंगठी घेऊन संडासात किंवा वेश्यागृहात जाणं हाही गुन्हा ठरला, असं म्हणतो. हे वाक्य अतिरेकाचं उदाहरण आहे. त्यासाठी वेगळं चलन काढलं असं त्यात काहीही नाही. दुसरी गोष्ट डायो कॅसियसची, कॅराकॅलाच्या काळची, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरची: एका तरुणाला सम्राटाच्या प्रतिमेचं नाणं घेऊन वेश्यागृहात गेल्याबद्दल तुरुंगात टाकलं, आणि कॅराकॅला मेल्यामुळे तो सुटला. हा तरुण नेहमीचंच नाणं घेऊन गेला होता. वेगळी नाणी चालत असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

मग आकडे. ते दर होते म्हणतात, आणि दृश्य म्हणजे सेवेचा प्रकार, परदेशी खलाशाला भाषा येत नाही म्हणून. तसं असतं तर एका दृश्याला एकच आकडा हवा. प्रत्यक्षात एकच दृश्य वेगवेगळ्या आकड्यांबरोबर येतं. पाँपेईच्या भिंतींवर जे दर खरडलेले आहेत त्यांत दोन आस हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. 2012 साली लंडनमध्ये थेम्सच्या गाळातल्या अशाच एका तुकड्याची बातमी जगभर गेली. त्यावर आकडा 14 होता. लगेच ‘दर 14 आस’ असा हिशेब छापून आला. शिवाय याच घडणीचे, हेच आकडे असलेले दुसरे तुकडे आहेत आणि त्यांच्या पुढच्या बाजूला चक्क ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे चेहरे आहेत. सम्राटाचा चेहरा टाळण्यासाठी काढलेल्या संचाच्या जोडीला सम्राटाच्या चेहऱ्याचा संच कसा असेल?

सापडतात कुठे? पाँपेईच्या ज्ञात वेश्यागृहात त्यांचा साठा मिळालेला नाही. इटलीतल्या मोडेना इथे एक तुकडा थडग्यात मिळाला. मेलेल्या माणसाबरोबर कुटुंबाने ठेवलेली वस्तू ही त्याच्या आवडीची, कदाचित खेळातली असण्याचा संभव मला जास्त दिसतो. 1 ते 16 आकडे, दोन संच, हातात मावेल असा आकार: पटावरची सोंगटी म्हणून हे चपखल बसतं. उत्सवात गर्दीवर उधळलेल्या ‘चावट’ टोकनांचा उल्लेख कवी मार्शियल करतो, तीही एक शक्यता. वेश्यागृहाचं तिकीट मात्र आकड्यांत बसत नाही, शोधस्थळांत बसत नाही, ग्रंथांतही बसत नाही.

‘312 नंतर क्रॉस आला.’ याला दोन परिच्छेदही लागत नाहीत. मिल्व्हियन पुलावरच्या विजयानंतरही पाच-सहा वर्षं कॉन्स्टंटाइनच्या छोट्या तांब्याच्या नाण्यांवर सूर्यदेव उभा आहे, अक्षरं ‘सोली इन्विक्तो कोमिती’, अजिंक्य सूर्याला, सोबत्याला. ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरं मुख्य चित्रात येतात ती 327 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका दुर्मीळ नाण्यावर, ध्वजाच्या टोकाला, खाली साप टोचलेला. 330 नंतर लाखोंनी निघालेल्या नाण्यांवर मात्र रोमची लांडगीण आणि तिला लुचणारी जुळी मुलं आहेत. ती अक्षरं पूर्ण नाणं व्यापून बसतात ती मॅग्नेन्शियसच्या तांब्यावर, 353 मध्ये, आणि तो कॉन्स्टंटाइनच्या मुलाविरुद्ध बंड करून उठलेला होता.

माझ्याकडचं एकुलतं एक रोमन नाणं याच काळातलं आहे. नखाएवढं, काळपट हिरवं. मागे एक सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारतो आहे. कडेला ‘फेल टेंप रेपारातियो’, सुखाचे दिवस परत आले. 348 पासून पुढची काही वर्षं हे साम्राज्यभर पाडलं गेलं, आणि याच वर्षांत साम्राज्य आपसांत लढत होतं.

राहिला भारत. पहिल्या-दुसऱ्या शतकात आपल्याकडे जे रोमन चलन आलं ते सोनं आणि रुपं, कारण मिरी आणि कापडाच्या बदल्यात एवढ्या लांब पितळ कोण वाहील? ऑगस्टस आणि टायबेरियसच्या डिनेरियसांचे साठे कोइमतूरच्या पट्ट्यात निघाले. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्टियस भारतात जातात ही रोमन लेखक प्लिनीची प्रसिद्ध तक्रारही हिशेबाच्या एककात आहे, पितळेच्या नाण्यांच्या पोत्यांत नव्हे. तांब्याची नाणी आली ती चौथ्या-पाचव्या शतकात, तमिळनाडूत करूर, मदुरैकडे आणि श्रीलंकेत. बारीक, झिजलेली, बऱ्याच वेळा चेहराही न उरलेली. ती तिथे सुट्टे पैसे म्हणून चालली, आणि कमी पडली तेव्हा श्रीलंकेत लोकांनी तशीच नाणी स्वतः पाडली. सम्राटाचं नाव वाचायला तिथे कोणी थांबलं नव्हतं.

आपल्या मराठवाड्यातल्या तेरला, म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथातल्या तगरला, मातीच्या गोल टिकल्या मिळाल्या आहेत. रोमन नाण्यावरून साचा काढून पाडलेल्या, टायबेरियसच्या नाण्याच्या नकला त्यांत ओळखल्या गेल्या आहेत. चेहरा आहे, अक्षरांची वेडीवाकडी रांग आहे. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आजीला पुतळीवर कोण आहे हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच त्या टिकलीवर कोण आहे हे त्या काळच्या तेरकराला असावं. वरच्या कडेला दोरा ओवायची सोय ठेवलेली आहे.